नावाचं कडवं

विट्याच्या पलीकडं माळ उतरून ओढा ओलांडला की वांगरवाडी लागते. त्या गावात मूल जन्मलं की बाराव्या दिवशी दोन बायकांना बोलावणं जातं. एक त्या मुलाची आत्या, मग ती कुठल्या का मुलखात दिलेली असेना. दुसरी लीलाबाई. आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगायचं आणि लीलाबाईनं ते पाळण्याच्या गाण्यात घालायचं, ही तिथली रीत.

लीलाबाईचा पाळणा तिच्या आईकडून आलेला. एकेका दिवसाचं एकेक कडवं. पहिल्या दिवशी वात उजळते, पाचव्या दिवशी सटवाई कपाळावर लिहून जाते, अकराव्या दिवशी अंगण सारवून होतं. बारावं कडवं नावाचं. नाव लांबलचक असलं तर ते चालीत बसवावं लागतं, म्हणून लीलाबाई आत्याला आधीच चुलीमागं नेते आणि कान पुढं करते. हल्लीची पोरं नाव मोबाईलवर महिनाभर आधी ठरवतात, तरी आत्या तोंडावर पदर घेऊन ते लीलाबाईच्या कानात सांगतेच. सरपंचाच्या शिवांजलीपासून वस्तीवरच्या पोरांपर्यंत सगळ्या गावाची नावं अशी एकदा तिच्या तोंडातून गेलेली. आज मिशा फुटलेला गडीसुद्धा तिच्यासमोर जरा वाकूनच चालतो.

तिचा नवरा आकाराम तिकडं सेलमला सोनं वितळवायच्या, गलाईच्या दुकानात होता. वर्षातनं दोनदा यायचा. त्याच्या बोटांना भट्टीचा वास असायचा आणि तो वास जायच्या आत त्याची सुटी संपायची. तो वारून बरीच वर्षं झाली. मुलगी दीपाली पुण्याला नांदते. लीलाबाई एकटीच राहते, पण गावात कुणी ना कुणी बाळंतीण असतेच, म्हणून तिला एकटेपण तसं लागत नाही. असं ती म्हणते.

एका बारशाला सांगलीहून वीरधवल नावाचा पाहुणा आला होता. विश्रामबागेत तो गाण्याचा क्लास चालवतो. पक्कं गाणं शिकलेला माणूस. लीलाबाईचा पाळणा ऐकून तो जेवायचं विसरला. पुढच्याच आठवड्यात तो पुन्हा दारात हजर. म्हणाला, "मावशी, नुसत्या पाळण्यांचा कार्यक्रम करतोय. हॉल ठरलाय. तुम्हाला यायचंय."

"मी? मांडवात गाणारी मी न्हवं बाबा. माझं गाणं पाळण्याखाली बसून म्हणायचं."

"तिथं सगळे असेच आहेत. येऊन तर बघा."

ती गेली. क्लासच्या खोलीत आटपाडीकडचा धुळा धनगर ढोल घेऊन भिंतीला टेकला होता. महावीर जयंतीला बस्तीत, म्हणजे जैनांच्या देवळात, भगवंताचा पाळणा म्हणणारी त्रिशला होती, तिची पुतणी ब्राह्मी गिटार लावत होती. वीरधवल तंबोऱ्यापाशी.

"ढोल आन् पाळणा?" त्रिशला धुळाला म्हणत होती. "पोरगं निजायचं सोडून पळत सुटंल की ओ."

"आमची पोरं ढोलावरच निजत्यात," धुळा म्हणाला. "ढोल थांबला की जागी हुत्यात. तुमची पंख्याखाली निजत्यात. लाईट गेली की तुमचा पाळणा कोण ऐकतंय?"

ब्राह्मी हसली. धुळानं ढोलाची दोरी सैल केली, वर घोंगडं टाकलं आणि तळहातानं हलकेच वाजवलं. पाठीवर थोपटल्यासारखा आवाज आला. त्रिशलानं कान दिला. मग म्हणाली, "हे बरं हाय."

वीरधवलच्या मनात असं होतं की आधी ज्यानं त्यानं आपापला पाळणा म्हणावा आणि शेवटी सगळ्यांनी मिळून लीलाबाईचा. सुरुवातीची कडवी तिनं एकटीनं म्हणायची, पुढं एकेक वाद्य येत जाईल, आणि नावाच्या कडव्याला सगळी एकत्र. तालीम छान रंगली. लीलाबाई डोळे मिटून अकराव्या दिवसापर्यंत आली.

*अकराव्या दिशी अंगण सारविलं,*
*दारात बाळाच्या तोरण लाविलं,*
*पाळण्याची दोरी वढिता ग मऊ...*

पुढं बारावं कडवं सुरू झालं.

*बाराव्या दिशी आत्या आली लांबून,*
*कानात बोलली पदर झाकून...*

आणि ती थांबली.

"का थांबलात?" वीरधवलनं विचारलं.

"हितं नाव यायचं. कुणाचं घिऊ? बाळ कुठं हाय?"

वीरधवलला त्यात काही अवघड वाटलं नाही. "तुमच्या बाळाचं घ्या की मावशी. आईनं आपल्याच लेकराचं नाव घेतलं तर आणखी गोड."

"बघते," लीलाबाई म्हणाली.

चहाला बाहेर पायरीवर बसल्यावर त्रिशलानं विचारलं, "लीलाक्का, दीपालीचं नाव बसतंय की चालीत. मग 'बघते' का म्हणालीस?"

"दीपालीचं बारसं झालंय. तिचं नाव घिऊन झालंय." लीलाबाईनं कप खाली ठेवला. "तिच्या आधी एक पोरगा हुता."

मग तिनं सांगितलं. पहिलं बाळंतपण सासरीच झालं होतं. आकाराम सेलमला. ज्या घरात पोरं जगली त्या घरातला पाळणा मागून आणायचा असतो, तसा पाटलाच्या घरचा आणून आढ्याला टांगला होता. अकराव्या दिवशी दुपारी लोणंदहून नणंद आली, रंगुबाई. लीलाबाई तेव्हा पोराला मांडीवर घेऊन पाळणाच म्हणत होती. नावाच्या कडव्याशी आली आणि हसून म्हणाली, सांगा की वन्सं. रंगुबाई म्हणाली, उद्या. त्याच दिवशी दिवेलागणीला पोर गेलं. दुसऱ्या दिवशी पाळणा पाटलाकडं परत गेला, दोरीला हात न लागता.

"मग नाव?" त्रिशला म्हणाली.

"वन्संजवळ राह्यलं. कुणी इचारलं न्हाई, त्यांनी सांगितलं न्हाई. समद्या गावाची नावं मी घेतली, त्येचं तेवढं न्हाई घेतलं."

"अजून हाईत का त्या?"

"हाईत की."

"मग जाऊन ये," त्रिशला म्हणाली. "नाव नेऊन काय करणार हाईत त्या?"

इतकी वर्षं लीलाबाई लोणंदला जात होती, लग्नाला, कार्याला. कधी विचारलं नव्हतं. कधी रंगुबाईच्या घरात माणसं असत, कधी तिचीच जीभ रेटत नसे. नाव तिथं आहे, सुखरूप आहे, एवढं तिला पुरत होतं. आता मात्र तिला ते हवं झालं. एकदा, मोठ्यानं, ढोल आणि तंबोऱ्याच्या साथीनं, भरल्या हॉलात. मग झालं.

किर्लोस्करवाडीला तिनं पॅसेंजर गाठली. खिडकीशी बसून ती मनाशी नावं चालीत बसवून बघत होती. त्या काळातली नावं. दोन अक्षरी असलं तर शेवट लांबवायचा, चार अक्षरी असलं तर 'कानात' जरा आवरतं घ्यायचं. ताकारीपासून साताऱ्यापर्यंत तिचे ओठ हलत होते. शेजारच्या बाईला वाटलं, जप चाललाय.

लोणंदला रंगुबाईचं घर बाजाराच्या मागं. अंगणात कांद्याची रास आणि राशीशेजारी रंगुबाई कांद्याच्या पाती कापत बसलेली. नजर मंद झाली होती, पण विळी अजून चुकत नव्हती.

"एकटीच आलीस? दीपाली बरी हाय न्हवं?"

"बरी हाय. वन्सं, एक इचारायचं हुतं."

"इचार की. गुडघं सोडून काय बी इचार."

लीलाबाई तिच्यासमोर बसली. कार्यक्रमाचं सांगितलं, बाराव्या कडव्याचं सांगितलं. मग म्हणाली, "माझ्या पैल्या पोराचं नाव तुमी काय ठरवलं हुतं?"

रंगुबाईचा हात विळीवर थांबला. घरात सुना होत्या, त्यांच्याकडं तिनं एकदा पाहिलं.

"आता कशाला ते, लीले."

"नाव तर हाय न्हवं. सांगाया काय हुतंय?"

"न्हाई."

"काय न्हाई?"

"नाव न्हाई. म्या ठरवलंच न्हवतं."

"आसं कसं? बारशाला आला हुतासा तुमी."

रंगुबाईनं हातातला कांदा राशीत ठेवला. "बारशाला न्हवते आले ग. राहीबाई सुईणीनं दुसऱ्याच दिशी आईला सांगितलं हुतं. पोर निळं पडतंय, बाराव्याला पोचत न्हाई. आईनं मला सांगावा धाडला, ये, पर बाळंतविडा आणू नगं."

लीलाबाईला ती दुपार आठवली. रंगुबाई दारातून आत आली तेव्हा तिच्या हातात एक पिशवी होती, पातळाचं, टोपड्याचं गाठोडं नव्हतं. ते तिनं पाहिलं होतं. पाहून सोडून दिलं होतं.

"आनि ह्यास्नी?"

"आकारामला बी ठावं हुतं. तार गेली हुती त्येला."

म्हणून तर तो सेलमहून ठरल्यापेक्षा दोन दिवस आधीच निघाला होता. तो बारशाला निघाला, असं लीलाबाई जन्मभर धरून चालली होती.

"मला कुणी का न्हाई सांगितलं?"

"कोण सांगणार? दारात पाय ठेवला तर तू गात हुतीस. समदी घरातली उंबऱ्यात बसून ऐकत हुती, कुणाच्या तोंडात शबूद न्हाई. तू इचारलंस तवा मी उद्या म्हणाले. दुसरं काय म्हणू? माझ्याजवळ काय बी न्हवतं ग."

आतून सुनेनं चहा आणून ठेवला, तो निवून गेला. मग रंगुबाई पुढं सरकली आणि लीलाबाईच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "आता ठेवूया का? मीच आत्या हाय अजून. मनात एक हाय, सांगू?"

लीलाबाईनं तो हात हळूच उचलून परत रंगुबाईच्या मांडीवर ठेवला.

"नगं वन्सं. सांगायला त्येचा कान कुठं हाय?"

भांडण असं झालं नाही. रंगुबाईनं निघताना पिशवीभर कांदे दिले आणि लीलाबाईनं ते घेतले. परतीच्या गाडीत तिचे ओठ हलले नाहीत.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला होता. वांगरवाडीहून टेम्पो भरून बायका आल्या होत्या, त्रिशलाच्या बस्तीतल्या आल्या होत्या, धुळाच्या धनगरवाड्यावरची माणसं फेटे बांधून मागं उभी होती. पडद्यामागं लीलाबाई वीरधवलजवळ गेली.

"बारावं कडवं मी म्हणणार न्हाई."

त्याचा चेहरा उतरला. "मावशी, सगळं तिथंच तर येऊन मिळतं. तिथंच थांबलं तर अर्धवट राहील."

"ते अर्धवटच हाय. तुमी वाजवा. मी बसते."

"पण का?"

लीलाबाईनं पदर खोचला. त्रिशलानं तिच्याकडं पाहिलं. लोणंदचं काय झालं ते तिनं विचारलं नव्हतं, आताही विचारलं नाही. वीरधवलला एवढंच म्हणाली, "तिला सोडा. वाजवू आपण."

"वाजवू की," धुळा म्हणाला. "शबूद नसला म्हणून ढोल कवा अडलाय?"

त्रिशलाचा पाळणा झाला. धुळाची ओवी झाली, मेंढरामागं चालताना पाठीवरच्या पोराला म्हणायची. वीरधवलनं रागदारीतला पाळणा आळवला, ब्राह्मीनं गिटारवर तिच्या आजीची चाल वाजवली. मग लीलाबाई. पहिल्या दिवसापासून ती एकेक कडवं सोडवत गेली. कोपऱ्यातली रडणारी पोरंही थांबली. अकरावा दिवस झाला, तोरण लागलं, दोरी ओढून झाली. तिनं तोंड मिटलं आणि हात मांडीवर ठेवले.

वाद्यांनी चाल उचलली. तंबोरा, गिटार, ढोल. त्रिशला ओठ मिटूनच गुणगुणत होती. बाराव्या कडव्याची चाल लोकांवरून ओढ्याच्या पाण्यासारखी चालली होती. कानाशी आत्या वाकते तिथवर ती आली. नावाची जागा आली. कुणी ठरवलं नव्हतं, पण धुळाचा तळहात वरच राहिला. तालमीत तिथं लीलाबाई थांबायची, त्याची त्याच्या हाताला सवय झाली होती. तो थांबला तशी बाकीचीही थांबली. हॉलात पंख्यांचा तेवढा आवाज राहिला. लीलाबाई समोर बघत होती. आपलं पोर केवढं झालं असतं, याचा हिशेब तिनं कधी केला नव्हता, तो तेव्हाही केला नाही. त्या रिकाम्या जागेत तिनं काही घातलं नाही. तिथं घालायला तिच्याजवळ काही नव्हतं, आणि आता कुणाहीजवळ नव्हतं.

मग ढोलावर हात पडला आणि चाल पुढं गेली.

टाळ्या लांबल्या. ती थांबायची जागा वीरधवलनंच मुद्दाम बसवली असं लोकांना वाटलं. एकानं तसं बोलूनही दाखवलं. वीरधवल नुसता मान हलवत राहिला.

हॉलाबाहेर टेम्पोत चढणाऱ्या लीलाबाईला एका तरुण बाईनं गाठलं. म्हणाली, "मावशी, माझ्या भावाला मुलगा झालाय, पलूसला. येत्या सोमवारी बारसं आहे. तुम्ही याल का? मी आत्या आहे, बारशापर्यंत तिथंच राहतेय."

"यीन की. नाव ठरलंय का?"

"ठरलंय."

"नक्की ठरलंय न्हवं?"

"हो मावशी. त्या दिवशी चुलीमागं सांगते ना तुमच्या कानात." ती हसली. "रीत माहितीये मला."

लीलाबाईनं तिचं मनगट धरलं. टेम्पोतल्या बायका हाका मारत होत्या.

"सोमवार नगं. आज घरला गेलीस की पाळण्यापाशी जा आन् सांग त्येच्या कानात."

"बारशाच्या आधी? चालतं का असं?"

"सांग त्येला," लीलाबाई म्हणाली. "कुणाला कळत न्हाई. माझ्या कानात सोमवारी सांग, पर त्येला आजच सांग."

ती बाई गोंधळून हो म्हणाली. तरी लीलाबाईनं मनगट सोडलं नाही. टेम्पोवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला, तेव्हा कुठं सोडलं.