पेल्याला लावलेला कान

बंगळुरात प्लंबर पोत्यानं मिळतात, पण नुसता आवाज ऐकून दुखणं सांगणारा आपण एकटेच, असं रघुजींचं स्वतःबद्दल मत होतं आणि चाळीस वर्षांत ते त्यांनी बऱ्याच लोकांच्या गळी उतरवलं होतं. पद्धत ठरलेली. घरात शिरलं की आधी कॉफी. कॉफी संपली की तोच स्टीलचा पेला संडासाच्या भिंतीला उपडा लावायचा, बुडाला कान टेकायचा, डोळे मिटायचे आणि हुकूम सोडायचा, "फ्लश करा." टाकी भरत असतानाच निदान बाहेर पडे: वॉशर गेलाय, क्लॅम्प सुटलाय, नाहीतर घरमालक कंजूष आहे. चिकपेटेतल्या हार्डवेअरच्या दुकानांत त्यांना 'कानवाले अण्णा' म्हणत. पुढं नव्या फ्लॅटांत कॉफीऐवजी चिनी मातीच्या मगातून ग्रीन टी येऊ लागला, तेव्हापासून ते पेला पिशवीत घेऊनच हिंडत.

एवढ्या कीर्तीच्या माणसाच्या स्वतःच्या घरातला फ्लश मात्र अकरा वर्षं शिट्टी वाजवत होता. दिव्याखाली अंधार असायचाच. अकरा वर्षं त्यांची बायको अंबुबाई विचारत होत्या, "गावचे संडास नीट करता, आपला कधी?" आणि अकरा वर्षं रघुजी म्हणत होते, "करतो की." मग दोन वर्षांपूर्वी चमत्कार झाला. फ्लश आपोआप गप्प झाला आणि पाठोपाठ अंबुबाईही. ही गोष्ट ते गिऱ्हाइकांना रंगवून सांगत. "मी हातसुद्धा लावलो नाही बघा. दोघंही माझ्या धाकानंच सुधारले."

गेलं वर्षभर मात्र त्यांनी पद्धतीत एक भर घातली होती. पेला लावण्याआधी ते गिऱ्हाइकाला आवाज तोंडानं काढून दाखवायला लावत. मोठमोठे इंजिनियर कमोडशेजारी उभे राहून 'सूंऽऽ' आणि 'खडखड' करून दाखवत, आणि अण्णा किती खोलात जातात म्हणून थक्क होत. खोलात काय जायचंय! अण्णांना ऐकू कमी येत होतं. चाळीस वर्षं भिंती फोडणाऱ्या ड्रिलनं कानाचं भुस्कट केलं होतं. हे ते कुणालाच सांगत नव्हते. स्वतःलासुद्धा 'हल्ली भिंती जाड बांधतात' असंच सांगत. कानवाल्याचा कान गेला हे एकदा चिकपेटेत कळलं की त्यांना बोलावणार कोण?

अशात एचएसआर लेआउटमधून स्मिताचा फोन आला. ही पुण्याची, आयटीतली, घरूनच काम करणारी. मराठी प्लंबर मिळाला याचाच तिला कोण आनंद.

"काका, तुम्ही मूळचे कुठले?" तिनं दारातच विचारलं.

"इथलाच," रघुजी म्हणाले. "चारशे वर्षं झाली येऊन."

"वॉव! म्हणजे सेटल झालात अगदी."

"होय, स्वल्प," रघुजी म्हणाले. "आवाज कसा करतो ते करून दाखवा बघू."

स्मितानं ओठांचा चंबू करून शिट्टी वाजवून दाखवली. टाकी भरेपर्यंत ही अशी वाजते, आणि मीटिंगमधले लोक विचारतात, मॅडम, कुकर बंद करायचाय का? रघुजींनी मान डोलावली, पेला भिंतीला लावला, डोळे मिटले. पाण्याची घरघर तेवढी आली. शिट्टी नाही. त्यांनी पेला खाली सरकवला, कान बदलला. तरी नाही. मग त्यांनी अंदाजानंच बॉलकॉकचा वॉशर बदलला, टाकीवर झाकण ठेवलं, पुन्हा फ्लश केला आणि जाहीर केलं, "झालं. बंद."

"अहो काका, वाजतंय की अजून!" स्मिता म्हणाली.

"नाही मॅडम. कान आहे माझा. ते तुमच्या डोक्यात बसलंय आता."

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलेले स्मिताचे सासरे, पुरुषोत्तम, उठून आले. बँकेतून निवृत्त झालेला, कमी बोलणारा माणूस. त्यांनी एकदा फ्लश करून पाहिला आणि निर्वाळा दिला, "बरोबर आहे यांचं. काही वाजत नाही."

रघुजींना स्वर्ग दोन बोटं उरला. "बघा! मोठी माणसं सांगतायत."

"बाबा," स्मितानं कपाळावर हात मारला, "तुमचं मशीन टेबलावर आहे!" तिला हसूही येत होतं आणि मीटिंगही लागली होती. ती आत निघून गेली.

पुरुषोत्तम शांतपणे जाऊन मशीन घेऊन आले, कानात बसवलं आणि पुन्हा फ्लश केला. त्यांचं तोंड आंबट झालं. शिट्टी चांगली खणखणीत होती. मग त्यांनी रघुजींकडे पाहिलं, आणि रघुजी नळाकडे पाहू लागले.

"मी मघाशी तुम्हाला मागून दोनदा हाक मारली," पुरुषोत्तम जवळ येऊन, ओठ नीट हलवत म्हणाले. "चहा घेणार का विचारायला."

रघुजी पान्हा फडक्यानं पुसत राहिले.

"बारीक आवाज आधी जातात," पुरुषोत्तम म्हणाले. "कुकरची शिट्टी, पाखरं. मग घरातल्यांचं बोलणं. मला वाटलं होतं, घर सुधारलं."

रघुजींनी पेला पिशवीत टाकला आणि कुठंतरी हात ठेवायचा म्हणून भिंतीवरच्या पाइपावर ठेवला. पाइप थरथरत होता. त्यांनी तळहात हळूहळू खाली नेला. टाकीला पाणी सोडणाऱ्या अँगल कॉकपाशी थरथर सगळ्यात जोरात होती. त्यांनी कॉक थोडा आवळला, पाण्याचा जोर कमी केला, वरचा सुटलेला क्लॅम्प कसला. हाताखालचा पाइप निपचित झाला. त्यांनी पुरुषोत्तमांकडे पाहिलं. पुरुषोत्तमांनी फ्लश केला, मान तिरकी करून ऐकलं आणि आतल्या खोलीकडे वळून मोठ्यानं सांगितलं, "स्मिता, थांबलं गं! कान आहे हो यांचा!"

कानाबद्दल ते खोटं बोलले, पण असं खोटं बोलणारा माणूस रघुजींना चाळीस वर्षांत भेटला नव्हता. बसमध्ये त्यांचे डोळे सारखे भरून येत होते. आणि 'घर सुधारलं' हे शब्द काही केल्या डोक्यातून जात नव्हते.

घरी पोचल्यावर ते हातपाय न धुता थेट संडासात शिरले. फ्लश केला. घरघर, बस्स. मग त्यांनी पाइपावर हात ठेवला. पाइप असा थरथरत होता की कोपरापर्यंत मुंग्या आल्या.

"अंबू!" त्यांनी हाक मारली. अंबुबाई पदराला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. "हा कधीपासून वाजायला लागला?"

"अय्यो, थांबला कधी होता?" अंबुबाई म्हणाल्या.

"मग बोलली का नाहीस?"

अंबुबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, मग पुढं येऊन, त्यांच्या तोंडासमोर तोंड आणून, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "बोलते की. रोज बोलते."

रघुजी पालथ्या बादलीवर बसले. फ्लशचं राहू दे. दोन वर्षांत ही आणखी काय काय बोलली असेल? त्यांनी पिशवीतून पेला काढला, बुडाला कान लावला आणि पेल्याचं उघडं तोंड अंबुबाईंच्या पुढं केलं.

"सांग," ते म्हणाले. "पहिल्यापासून सांग."

अंबुबाई वाकल्या, पेल्यात तोंड घातलं आणि म्हणाल्या, "सरी, सांगते. वेळ लागेल. आधी कॉफी करते."