डाव्या कळीवरची फुंकर

हे मी तिलासुद्धा सांगितलं नाही, आणि तिच्याइतकं जवळचं मला दुसरं कुणी नव्हतं. गेल्या माघात ती गेली. आता ऐकायला तूच आहेस, कोण असशील तो. मी दुसरी शिकलेला माणूस. गोडगोड लिहिता येत नाही, आणि ही गोष्ट गोड नाहीच.

कुठून सुरू करू? दगडूपासून करतो. कुडपणच्या माळावर त्याचं शेत आणि माझं शेत, मधे एक बांध. तो मुंबईला गोदीत कामाला निघाला तेव्हा खाली पोलादपुरापर्यंत मीच पोचवायला गेलो. मोटार सुटताना म्हणाला, "नाम्या, बैलांना बघ." बायकोचं नाव घेतलं नाही — चारचौघांत घेतं का कुणी? दोन वर्षं त्याची पत्रं आली. मग बंद. कुणी म्हणालं बोटीवर गेला, कुणी म्हणालं तिकडं दुसरं घर केलं, कुणी म्हणालं मेला. ठाऊक कुणालाच नव्हतं.

चंद्रा, त्याची बायको, रोज दिवे लागायच्या वेळेला ओटीवर पाण्याचा तांब्या भरून ठेवायची. तो आला तर पाय धुवायला. सकाळी तेच पाणी तुळशीला घालायची. सहा वर्षं. एक दिवस चुकला नाही. मी बैलांना बघायला जायचो. एक बैल मेला, दुसरा तिनं विकला, तरी मी जातच होतो. आता तुला कळलंच असेल.

मी तिला विचारू शकलो असतो. पाट लावतेस का माझ्याशी — एवढंच तर विचारायचं होतं. नाही विचारलं. का नाही? ती "थांबते" म्हणाली असती म्हणून. तेवढं ऐकायची माझी छाती नव्हती.

मग वरंधहून तिचे भाऊ आले. ही अशी किती दिवस बसणार, म्हणाले. गावातली जाणती माणसं म्हणाली, आईला कौल लावू. आमच्यात गावदेवीच्या पाषाणाला दोन ओल्या कळ्या चिकटवतात, एक उजव्या अंगाला, एक डाव्या. उजवी पडली तर होय. डावी पडली तर नाही. प्रश्न एकच, दगडू परत येणार का?

साठ सालाच्या पुढची गोष्ट. शिमगा नुकताच झालेला. सकाळी कळ्या लावल्या, दुपार झाली, एकही पडेना. माणसं उठून जेवायला गेली, भाऊ पण गेले. उरलो चौघं. गुरव, चंद्रा, मी आणि गणू. गणू आमच्याच वाडीचा, मुंबईत साहेब लोकांच्या हापिसात शिपाई. तिथं खोलीएवढं गणितं करणारं यंत्र होतं म्हणे.

"आमच्याकडं बी असंच बसत्यात, वैनी," गणू म्हणाला. "यंत्राला गणित घालायचं नि बसायचं. कधी घटकेत थांबतं, उत्तर देतं. कधी दिवस जातो, नुसते दिवे लुकलुकतात. मी सायबाला इचारलं, ह्ये थांबंल का नाय ते आधी कळत नाय का? तर म्हणाला, एखाद्या गणिताचं कळतं. पण कुठलं बी गणित घाला नि आधीच सांगतो, असा उपाय नाय. कुणाला काढता बी यायचा नाय. कागदावर शाबीत झालंय."

"यंत्राला कळत नसंल," गुरव म्हणाला. "आईला सगळं कळतं."

"मग तिला असं इचार. आज कळी पडणार असंल तर उजवी पाड, पडणार नसंल तर डावी पाड."

"बरं, मग?"

"मग डावी पडली, म्हंजे कळी पडलीच की! पडणार नाय म्हणायला आईला कळी पाडायला लागती, नि पाडली की ती खोटी ठरती. सायबानं यंत्राला असाच पेच घातला हुता. गप बसणं तेवढं हातात ऱ्हातं, गुरवा."

"शेण घाल त्या मुंबईच्या तोंडात!" म्हणत गुरव तंबाखू थुंकायला बाहेर गेला. चंद्रा हसली. सहा वर्षांत तिचं हसणं मी ऐकलं नव्हतं. मग हळू म्हणाली, "म्हंजे ती गप हाय तोवर, बोलायची हाय का बोलायचीच नाय, ह्ये काय कळायचं नाय."

"नाय, वैनी."

"मग माझं काय निराळं हाय?" असं म्हणून तिनं डोळे मिटले. बसायला तयार होती ती. तिच्या तोंडावर दुःख नव्हतं. ते मी नीट बघितलं होतं — हे लपवत नाही. तिला बसता येत होतं. मला येत नव्हतं.

गणूचा खांबाला टेकून डोळा लागला. गुरव अजून बाहेरच. मी नमस्काराला वाकावं तसा पुढं वाकलो आणि डाव्या कळीवर फुंकर मारली.

कळी हलली. पडली नाही.

म्हणजे मला तिथं थांबता आलं असतं. तोवर काहीच घडलं नव्हतं. मी दुसऱ्यांदा फुंकर मारली.

कळी पडली. गुरव आत आला, खालची कळी बघून ओरडला, "डावा दिला! आईनं डावा दिला!" गणू दचकून उठला आणि त्यानं स्वतःचे कान धरले. चंद्रा खाली पडलेल्या कळीकडं बघत राहिली. त्या संध्याकाळी तिच्या ओटीवर तांब्या नव्हता.

वैशाखात आमचा पाट लागला. चाळीस वर्षं संसार केला. दोन पोरं झाली. ती मला कधी वाकडा शब्द बोलली नाही. एकदाच, लावणी चालू असताना, वाकल्या वाकल्याच म्हणाली, "अहो, तुमी देवळात माझ्या शेजारी हुता. कळी पडताना बघितली का हो?"

बघितली म्हणालो.

"कशी पडली?"

"आपोआप."

ती पुढची ओळ लावायला सरकली. पहिल्या वेळी मी काही बोललो नव्हतो, नुसतं तोंड वापरलं होतं. त्या दिवशी बोललो. भर उजेडात, तिच्या पाठीकडं बघून.

दगडू आला नाही. म्हणून मी सुटलो का? चाळीस वर्षं मनाशी हेच घोकलं — आला नाही, म्हणजे कळीनं खरंच सांगितलं. पण आला नाही म्हणजे आजपर्यंत आला नाही. एवढंच. उद्याचं ह्यात काय आहे? मी खोटं बोललो का खरं, हेसुद्धा मला ठाऊक नाही, आणि ते कधी कळेल असंही नाही. ठाऊक आहे ते एवढंच — थांबायचं का नाही, हे तिनं ठरवायचं होतं. ते मी ठरवलं, आणि आईच्या नावावर खपवलं.

शेवटच्या महिन्यात तिचं भान जायचं. तिन्हीसांजेला उठून बसायची आणि म्हणायची, "तांब्या ठेवा हो ओटीवर." कुणासाठी, ते मी विचारलं नाही. तेव्हाही छाती झाली नाही. ठेवत गेलो.

तिचं बारावं झालं तेव्हा तांब्या घासून पालथा घातला. दुसऱ्या दिवशी हात आपसूक त्याच्याकडं गेला. दगडू असला तर माझ्याएवढाच म्हातारा असणार. घाट चढून आला तर पाय दुखतील. त्याचे पाय धुऊन झाले, की जे तुला सांगितलं ते त्याला सांगायचं आहे.

काल ठेवला होता. आजही ठेवलाय.