होकार आधी आला

अर्धं थिएटर हसलं, अर्धं गप्प राहिलं.

मी अमेरिकेत, बेलव्ह्यू शहरात सबटायटल एडिटर आहे. पडद्याखालची ओळ कधी दिसावी आणि कधी जावी, हे मी ठरवते. भाषांतर दुसरं कोणी करतं, त्यामुळे भाषा आली नाही तरी चालतं, असं मी वर्षानुवर्षं ऐटीत सांगत आले. त्या दिवशीचा पिक्चर कँटोनीज होता. कुंग फू, विनोद आणि प्रेम, सगळं एकाच ताटात. जुनी प्रिंट साफ करून आमच्या कंपनीने तो नव्याने लावला होता. दिग्दर्शिका मिसेस चान आता इथे मुलाकडे राहतात. त्या नातीला घेऊन पुढेच बसल्या होत्या. नातीला कँटोनीज येत नाही. आजीचा पिक्चर ती पहिल्यांदाच बघत होती, तोही माझ्या ओळींच्या भरवशावर.

शेवटच्या मारामारीत नायक वार चुकवत नायिकेला लग्नाचं विचारतो. ती एका लाथेत त्याला आडवा करते, वेणी मागे टाकते आणि मग म्हणते, हो. हशा तिथे आहे.

आमच्याकडे नियम असा, की एका शब्दाची ओळ चमकून गेली तर वाचता येत नाही, म्हणून ती मागच्या ओळीला जोडायची. मी जोडली. तिचं 'हो' त्याच्या प्रश्नालाच, आवाज बंद ठेवून, नुसता त्याचा ग्राफ बघून. त्यामुळे इंग्रजी वाचणाऱ्यांना लाथ बसण्याआधीच होकार मिळाला. कुंपणानेच शेत खाल्लं.

नातीने आजीला विचारलं, "व्हाय आर दे लाफिंग? शी ऑलरेडी सेड येस."

मिसेस चाननी तिच्या हातावर थोपटलं. मला मात्र धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

बाहेर आल्यावर माझा बॉस ब्रायन म्हणाला, की गाइडलाइनप्रमाणेच केलंय, मग आपली चूक कशी? क्षणभर मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची लाज अजून जात नाही.

मी मिसेस चानना जाऊन सांगितलं, की ती ओळ मी जोडली. त्या रागावल्या असत्या तर परवडलं असतं.

"तू तो सीन पाहिलास?" त्यांनी विचारलं.

"हो, खूपदा."

"आणि ऐकलास?"

आवाज बंद होता, हे मी कबूल केलं. भाषा येत नव्हती हे खरं, पण बाई उत्तर देण्याआधी थांबली आहे, हे कळायला कुठली भाषा लागते?

सकाळी ऑफिसला जाऊन ओळ तोडली. मिनिटभराचं काम. पुढच्या शोला सगळं थिएटर एकदम हसलं. आता नवीन एडिटरला मी पहिल्या दिवशी हेडफोन देते, गाइडलाइन नंतर.

मिसेस चानना त्या शोची तिकिटं पाठवली होती. त्या एकट्याच आल्या. नात म्हणाली होती, "मी बघितलाय."