तिच्या ओटीतला कापूस

बायको गेली त्याला सहा महिने झाले. लोकं म्हणतात, चांगली बाई होती. होतीच. पण अर्धं आयुष्य तिचं डोकं तिच्या ताब्यात नव्हतं, हे कोणी बोलत नाही. मी बोलतो.

साठ सालाच्या आसपास आमचं लग्न झालं. बोरी अरबपासून दोन कोसांवर आमचं वावर. हिचे दिवस दोन तऱ्हेचे, हे लवकरच कळलं. कधी पंधरा-पंधरा दिवस भिंतीकडं तोंड करून पडून. कधी पहाटेपासून गाणी, अन् अख्ख्या आळीला जेवायचं आवतन. माझी माय म्हणे, "हे एक तर निजते, नाई तर नाचते. मधात काई नाईच."

मधात होतं. आम्हाले दिसलं नाही.

कापसाच्या एका वेचणीला ती अशीच पडून होती, अन् एकाएकी उठून वावरात आली. हात नुसते पळत होते. माय म्हणाली, "आली बाप्पा ताळ्यावर." मलेही बरं वाटलं. दुपारी तिच्या कमरेची ओटी रिकामी केली, तर कापसात पाचोळा, टरफलं, कच्ची बोंडं. उदास असली तर ती मूठभरच वेचे, पण पांढराशुभ्र. खुशीत ढीगभर, तोही साफ. असा घाण कापूस तिचा कधीच नव्हता.

"हे काय वं?"

"वेचून तर राह्यली," ती हसली. हसता हसता डोळ्यांतून धारा, अन् हात थांबत नव्हते. "मी विहिरीवर जाते, पाणी पेते."

भरलेली घागर तिच्याजवळच धुऱ्याच्या बांधावर होती.

मी तिचा हात धरला, तो धरूनच ठेवला. वेचणाऱ्या बाया हसल्या, "भाऊजी, नवं लगन झालं का?"

"जुनंच हाय. सुटू नाई म्हून धरलं."

झाडाखाली बसल्यावर ती हळूच म्हणाली, "तुमाले कसं समजलं?"

"तुह्या कापसावरून."

पुढं नागपूरच्या डॉक्टरनं सांगितलं, ही तिसरी तऱ्हा. उदासी अन् उसळी एकाच वेळी अंगात. पडून असताना जीव द्यायचाही जोर नसतो, या दिवसांत असतो. तेव्हा एकटं सोडू नका.

नाही सोडलं. दर वेचणीला माझी ओळ तिच्या ओळीला लागून. दुपारी ती स्वतःच ओटी पुढं करायची, "घ्या, पाहून घ्या सायेब." साफ असली का मी जेवायले बसायचो.

म्हातारी होऊन, खाटेवर, माझ्या हातानं पाणी पिऊन गेली. विहिरीचं नाही.