आसरांच्या तसबिरीमागचा साप

साप जाऊबाईंच्या बोटाला चावला तेव्हा बोट कुंकवानं माखलेलं होतं. रक्त कुठलं आणि कुंकू कुठलं ते कळायलाच वेळ गेला. साप तसबिरीच्या मागं बसला होता. मण्यार.

तसबीर साती आसरांची, म्हणजे आम्ही तसं समजत होतो. गोऱ्या साहेबाच्या बंगल्यातलं सामान विकलं तेव्हा सासऱ्यांच्या वडिलांनी ती जालन्याहून आणली. तळ्याकाठी सात बायका, पायघोळ झगे, हातात छत्र्या, बाजूला एक टोपीवाला बाप्या. पाण्याकाठी सात बायका म्हणजे आसरा, आणि बाप्या त्यांचा भाऊ म्हसोबा. घरच्यांना हे पटलं. जाऊबाईंनी इतकं कुंकू लावलं होतं की सातही जणी गोवर निघाल्यासारख्या दिसत.

"चला बाई, जीप थांबवलीय," मी म्हणाले.

"मी न्हाई यायची. आसरांनी धरलंय मला. त्यांच्यासमोर बसवा, त्याच सोडतील."

"त्यांनीच धरलं अन् त्याच सोडणार? मंग सापाला कशाला मधी घातलं?"

"तुझ्या जिभेला हाड न्हाई."

बोलता बोलता त्यांच्या पापण्या मिटायला लागल्या. मी तसबीर खिळ्यावरून काढली आणि जीपमध्ये नेऊन ठेवली.

"आसरा निघाल्या अंबडला. तुम्ही राहता का मागं?"

मग बाई उठल्या.

जीप शिटांनी भरलेली, साप चावलाय म्हणून कुणी सरकलं नाही. तसबीर बघून सरकले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी विषावरचं औषध सुरू केलं, मग तसबिरीकडं बघितलं.

"आजी, ह्या इंग्रज मडमा आहेत. बागेत फिरायला आल्यात. जुनं चित्र आहे, दगडावरून छापलेलं."

जाऊबाईंची जीभ जड झाली होती, तरी बोलल्याच. "मंग बराबर हाय. आमच्या विहिरीवर बी सात दगडच हायेत."

"बरं. आता बोलू नका."

थोड्या वेळानं बोलणंच बंद झालं. श्वास अडला, घशात नळी घातली. मी बाकड्यावर बसले. शेजारी त्या सात जणी छत्र्या धरून मजेत उभ्या. मी त्यांचं तोंड भिंतीकडं केलं. देवीचा राग येतो म्हटलं तर पाप लागतं, मडमांचा आला तर काही लागत नाही.

नळी निघाली तेव्हा जाऊबाईंनी आधी चहा मागितला आणि तो गोड नाही म्हणून मला बोलल्या.

जाऊबाई वाचल्या.