अभिजितनं पिसलेले पत्ते

भूत-बित, करणी-बिरणी... माझा कधीच विश्वास नव्हता. मी गणित घेऊन बी.एस्सी. केलंय, आमच्या घरातली पहिली पदवीधर. परतूर तालुक्यातल्या आष्टीत दहावीच्या शिकवण्या घेते. तरी हे लिहितेय, कारण डोकं फिरलंय माझं.

दिवाळीत मावसभाऊ अभिजित पुण्याहून एक बोर्ड गेम घेऊन आला. तळघरातल्या भुयारांत शिरायचं, राक्षस मारायचे. एकमेकांविरुद्ध खेळायचं नाही — जिंकले तर सगळे, मेले तर सगळे. वीस पत्ते पालथे ठेवायचे, एकेक उलटला की पुढची खोली कळते. आम्ही चौघं बसलो — मी, भाऊ गजानन, अभिजित आणि आई. आईला वाचता येत नाही, मी पत्ता वाचून सांगायचे.

दुपारी दोनची वेळ, बैठकीत लख्ख उजेड. पहिल्यांदा पत्ते मी पिसले. गंजका दरवाजा, कोळ्याची खोली, कोरडी विहीर, तुटका पूल, हाडांची खोली. तिथंच सगळे मेलो.

दुसऱ्यांदा आईनं पिसले. तेच पाच. त्याच क्रमानं.

"मावशे, तू पिसलेच न्हाईस! नुसते वरखाली करून राह्यली."

"तू जन्मला बी नव्हतास तवापासून रमी खेळती मी. गप बस."

अभिजितनं पत्ते हिसकावले. सतरंजीवर सगळे पालथे पसरले, दोन्ही हातांनी कालवले, गोळा करून चांगले दहा-बारा वेळा पिसले. गजाननानं काटले. मग अभिजितच एकेक उलटू लागला... दरवाजा. कोळी. विहीर. पूल. पाचवा त्यानं उलटलाच नाही. गजाननानं उलटला — हाडांची खोली.

आई म्हणाली, "चहा टाकू का?"

अभिजित दोन दिवस राहणार होता. चहासुद्धा न घेता निघाला. गेमचा डबा इथंच राहिला.

हिशोब केला मी. वीस पत्त्यांतले ठरावीक पाच ठरावीक क्रमानं वर येण्याची शक्यता — अठरा लाख साठ हजार चारशे ऐंशीत एकदा. ते सलग दोनदा! नंतर मी आणि गजाननानं कितीतरी वेळा पिसून बघितलं. पुन्हा एकदाही तसं आलं नाही.

इथपर्यंत मी गप्पच बसले असते. पण आठवड्यानं गेम खेळणाऱ्यांच्या एका ग्रुपवर अभिजितचं मत वाचलं — 'गेम भारी आहे, पण गावाकडच्या अडाणी बायकांना घेऊन खेळू नका. पत्ते पिसता येत नाहीत, तीनदा तेच पत्ते आले, सगळी मजा गेली.' खाली हसऱ्या इमोजींच्या रांगा. मी गणितात बी.एस्सी. आहे सांगून खरं लिहिलं तर एकानं विचारलं, "मॅडम, डिग्री कुठून आणली?"

माझ्या आईनं दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचून आणली ती डिग्री!

अभिजितला फोन लावला.

"तिसऱ्यांदा कुणी पिसले होते रे?"

"ताई, जाऊ दे ना. तसं लिहिलं असतं तर लोकांनी येड्यात काढलं असतं मला."

"म्हणून माझ्या आईला काढलं? बिलकुल चालणार न्हाई. उद्याच्या उद्या खरं लिही. न्हाईतर इथं ये, आईसमोर बस अन् पुन्हा पीस."



"त्या पत्त्यांना मी हात लावणार न्हाई, ताई," म्हणाला. फोन कट.

ग्रुपवर ते मत अजून तसंच आहे. पत्ते तीनदा तसे का आले, हे मला सांगता येत नाही. माझ्या गणितात ते बसत नाही. तुमच्यापैकी कुणाला कारण सुचलं तर जरूर सांगा, फक्त त्यात माझ्या आईला दोष देऊ नका.