हिराआत्याची जागा

"हिरा गेली," वडील फोनवर एवढंच म्हणाले, त्याला आता महिना होईल. या बहीण-भावाचं एका गोष्टीवरून कधीच पटलं नाही. हिराआत्या दर उन्हाळ्यात खंडाळ्याच्या वळणावर करवंदं विकायला बसायची. घरी शेती होती, नड नव्हती. वडील तळेगावला कारखान्यात सुपरवायझर. बहीण रस्त्यावर बसते म्हटलं की त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. "डोंगर देतो, म्या इकते. लाजायचं काय त्यात?" असं आत्या त्यांना तोंडावर विचारायची.

नववीच्या सुट्टीत मी तिच्याकडे राहायला गेले, तेव्हा वडिलांनी बजावलं होतं, वळणावर जायचं नाही. मी दुसऱ्याच दिवशी गेले. पळसाचं पान वळून करवंदीच्याच काट्यानं टाचायचं, द्रोण भरला की वर एक मूठ जास्तीची घालायची, हे तिनं मला शिकवलं. माझे द्रोण सुटायचे आणि ती पोट धरून हसायची.

एका दुपारी एक गाडी थांबली. आतून माझ्या वर्गातली मैत्रीण उतरली, मागोमाग तिची आई. मी झटकन उठून टोपलीच्या पुढे आले.

"तू इथे कशी? या कोण?" मैत्रिणीनं विचारलं.

"कोण जाणे. मी करवंदं घ्यायला आलेय."

आत्या शेजारीच होती. तिनं द्रोण भरला, वरची मूठ घातली आणि माझ्यापुढे धरला. "घ्या ताई."

मैत्रिणीच्या आईनं घरी फोन केला असावा. दोन दिवसांत वडील तणतणत आले. "पोरीला रस्त्यावर बसवलंस?"

"कुटं बसवलं? गिऱ्हाईक म्हनून आलती ती. इचार तिच्या मैत्रिणीला."

वडील आल्या पावली परत गेले. माझंच खोटं तिनं मला वाचवायला वापरलं होतं. एवढ्या मोठ्या मनाचं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही. पुढे दर मे महिन्यात मी माफी मागायची ठरवून जायचे आणि करवंदं खाऊन परत यायचे. तिनं तो विषय कधी काढला नाही.

परवा त्या वळणावर थांबले. तिच्या जागी दुसऱ्या एक बाई बसल्या होत्या, गिऱ्हाइकांची गर्दी होती. मी न विचारताच पान उचललं, वळलं, काट्यानं टाचलं.

"हात बसलाय की तुजा," बाई म्हणाल्या. "कुनाची गं तू?"

"हिराआत्याची," मी म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.